सोसायटीच्या हॉलमध्ये इंद्रधनुष्य: पाण्याचा पडदा, एक दिवा आणि पिवळी खोली

ठाण्यात घोडबंदर रोडवर घ्या की नवी मुंबईत नेरूळ-खारघरला, मोठ्या सोसायट्यांच्या क्लब हाउसचा हॉल साधारण एकाच मापाचा असतो. उंची दहा फूट, सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद जागा सहज मोकळी करता येते, आणि गणपतीच्या आधी आठ-पंधरा दिवस तो सजावटीसाठी ताब्यात मिळतो. एवढ्या जागेत खरंखुरं इंद्रधनुष्य उभं करता येतं. प्रोजेक्टरने पाडलेलं चित्र नव्हे, तर आकाशात ज्या रीतीने होतं त्याच रीतीने पाण्याच्या थेंबांतून झालेलं. त्याला लागून एक पिवळी खोली केली की तिथे जास्वंद काळपट दिसते आणि हळद पांढरी. दोन्ही मिळून मंडळाचा एक देखावा होतो आणि त्यात थर्माकोल लागत नाही.

ही कल्पना कलादालनांतून आलेली आहे. डॅनिश-आइसलँडिक कलाकार ओलाफुर एलियासन यांनी १९९३ साली ‘ब्यूटी’ हे काम केलं: अंधारी खोली, वरून पडणारे बारीक तुषार आणि एक दिवा. १९९७ च्या ‘रूम फॉर वन कलर’मध्ये त्यांनी एकाच रंगाच्या दिव्यांनी अख्खी खोली भरली. तसेच दिवे घेऊन २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात त्यांनी धुक्यातला मोठा सूर्य उभा केला. यातलं काहीही गुप्त तंत्र नाही. पण मापं चुकली तर काहीच दिसत नाही, म्हणून इथे भर मापांवर आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. इंद्रधनुष्य पाण्याच्या पडद्यावर नसतं. दिवा, थेंब आणि पाहणाऱ्याचा डोळा यांच्यात ठरावीक कोन जुळला तरच ते दिसतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसणारी कमान वेगळ्या थेंबांतून आलेली असते. म्हणजे आपल्याला बांधायची असते ती माणसाने उभं राहायची जागा. बहुतेक फसलेल्या प्रयत्नांत पाणी आणि दिवा व्यवस्थित असतात, लोक मात्र चुकीच्या ठिकाणी उभे असतात.

मापं

थेंबापासून दिव्याकडे एक रेषा आणि थेंबापासून डोळ्याकडे दुसरी रेषा काढली, तर त्यांच्यातला कोन ४२ अंश असला की लाल रंग दिसतो आणि ४० च्या थोडा वर असला की जांभळा. पाठ्यपुस्तकात हे सूर्यासाठी सांगितलेलं असतं. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण समांतर येतात, त्यामुळे आपण कुठेही उभे राहिलो तरी कमानीचा कोन तोच राहतो. हॉलमधला दिवा पाच मीटरवर असतो आणि त्याचे किरण फाकतात. म्हणून आत पडद्यापासून किती अंतरावर उभं राहायचं याला फार महत्त्व येतं.

दहा फुटी छताच्या हॉलसाठी जुळणारी मापं अशी: पाण्याचा पडदा ३.६ मीटर रुंद, तुषारांची नळी जमिनीपासून २.७ मीटरवर. पडद्यापासून सरळ मागे ५ मीटरवर दिवा, भिंगाचा मध्य जमिनीपासून २.७ मीटर उंच आणि बरोबर पडद्याच्या मध्यरेषेवर. माणूस पडद्यापासून १ मीटरवर, दिव्याकडे पाठ करून. दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला कमानीचा माथा साधारण सव्वादोन मीटर उंचीवर दिसतो आणि दोन्ही बाजू त्याच्यापासून दीड-दीड मीटर पसरतात. डोक्याची सावली खूप खाली, सव्वा मीटर उंचीच्या आसपास पडते, त्यामुळे ती कमानीत आडवी येत नाही.

आता तोच माणूस अर्धा मीटर मागे सरकला तर कमानीचा माथा छताला जाऊन टेकतो, म्हणजे नळीच्या वर, जिथे पाणीच नाही. दोन मीटरवर गेला तर हॉलमध्ये कुठेच ४२ अंशांचा कोन जुळत नाही आणि त्याला नुसते पांढरे तुषार दिसतात. म्हणून पडद्यापासून ८० सेंटिमीटर ते १२० सेंटिमीटर एवढाच पट्टा उभं राहण्यासाठी आखा. रंगाने नको, पायाला कळेल असा आखा: पुढे आणि मागे जमिनीवर दोन इंची लाकडी पट्टी ठोकून. अंधारात रंगाची रेघ कुणी बघत नाही.

लहान मुलांचा प्रश्न यातच सुटतो. एक मीटर उंचीवर डोळे असलेल्या मुलाला त्याची कमान साधारण दीड मीटर उंचीवर दिसते, म्हणजे पाण्याच्या पडद्यात नीट मावते. कडेवर घ्यायची गरज नाही. उलट कडेवर घेतलं की आई-बाबांच्या डोक्याची सावली मुलाच्या कमानीत येते.

तुमचा हॉल वेगळ्या मापाचा असेल तर गणित करत बसू नका. जिथे पाणी पडणार आहे त्या प्रतलात सव्वादोन मीटर उंचीवर दोरी बांधून एक गाठ मारा. गाठीपासून एक सुतळी दिव्याच्या जागेपर्यंत ताणा, दुसरी उभं राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत. पुठ्ठ्यावर कोनमापकाने ४२ अंशांचा त्रिकोण कापून तो गाठीशी धरा. दोन्ही सुतळ्या त्रिकोणाच्या कडांना लागल्या की माथा तिथे येणार. हेच डाव्या-उजव्या बाजूला करून पाहा. ही मोजणी पाणी सोडण्याच्या आधी व्हायला हवी. ओल्या हॉलमध्ये शिडी हलवणं धोक्याचं आहे.

थेंब

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. देखाव्यासाठी बाजारात धूर सोडणारी यंत्रं मिळतात, पाण्यात बुडवून ठेवायची धुकं करणारी छोटी यंत्रंही मिळतात. या दोन्हींतून इंद्रधनुष्य होत नाही. त्यांचे थेंब काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, आणि इतक्या बारीक थेंबांतून निघताना प्रकाश इतका पसरतो की रंग एकमेकांवर चढून पांढरे होतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुक्यात दिसणारं इंद्रवज्र अशाच बारीक थेंबांचं असतं. ती आपल्या सावलीच्या डोक्याभोवतीची लहान गोल कडी असते, ४२ अंशांची कमान नसते. कमान हवी तर थेंब किमान १०० मायक्रॉनच्या वर पाहिजे, आणि जितका मोठा तितके रंग गडद.

शेतीच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात हरितगृहासाठी फॉगर आणि मिस्टर, म्हणजे तुषार सोडणारी छोटी तोंडं, मिळतात. कल्याण आणि पनवेलकडे अशी दुकानं आहेत. फॉगरच्या एका तोंडातून ४ बार दाबाला तासाला साधारण ७ लिटर पाणी जातं. तो दाब हरितगृहासाठी ठीक आहे, आपल्यासाठी जास्त आहे. दाब २ ते २.५ बारवर आणा, म्हणजे थेंब जाड होतात. फॉगर आणि मिस्टर दोन्हींचे पाच-पाच नग आणून बागेत चाचणी घ्या आणि मगच बाकीचे विकत घ्या.

चाचणी सोपी आहे. पंप चालू करून पडदा पूर्ण भरू द्या, मग झटक्यात बंद करा आणि सेकंद मोजा. अडीच मीटर उंचीवरून पडदा तीन ते पाच सेकंदांत खाली बसला तर थेंब योग्य आहेत. दहा-बारा सेकंद तरंगत राहिला तर फार बारीक आहेत, दाब अजून कमी करा किंवा मोठ्या तोंडाचा मिस्टर लावा. एका सेकंदात पडला तर तो शॉवर झाला. रंग तेव्हाही सुंदर येतात, पण पाणी फार लागतं आणि लोक भिजतात.

रंगांची चाचणी सूर्यावरच करा. सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, सूर्य बऱ्यापैकी खाली असताना, त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर तुषार सोडा. तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती ४२ अंशांवर कमान यायला हवी. उन्हात जर ती फिकी दिसली तर हॉलमधल्या दिव्यात दिसण्याची आशा नाही.

नळी, पंप, पाणी

सोळा मिलिमीटरची ठिबकची काळी नळी ३.६ मीटरचे दोन तुकडे, एकमेकांपासून १५ सेंटिमीटर अंतरावर समांतर. प्रत्येकावर २० सेंटिमीटरला एक तोंड, आणि दुसऱ्या नळीची तोंडं पहिलीच्या मधोमध येतील अशी. एकूण ३६ तोंडं. एकाच रांगेत पडद्याला उभ्या फटी राहतात आणि कमान तुटक दिसते. पाणी नळीच्या एका टोकाने न देता मध्यभागी टी लावून द्या, नाहीतर लांबच्या टोकाला दाब कमी पडतो आणि कमानीची एक बाजू फिकी येते. प्रत्येक तोंडाला थेंबगळती थांबवणारा वॉल्व घ्या. तो नसला तर पंप बंद केल्यावरही दहा मिनिटं लोकांच्या डोक्यावर टपटप चालू राहते.

एवढ्या तोंडांना २.५ बारला तासाला सुमारे २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटर. बॅटरीवरच्या फवारणी पंपात असतो तसा १२ व्होल्टचा, मिनिटाला ५ लिटरचा डायफ्रॅम पंप पुरतो. पंपानंतर १२० मेशचा जाळीचा फिल्टर, मग दाब कमी-जास्त करायला परतीचा वॉल्व आणि दाबमापक, मग नळी. दाबमापक टाळू नका. तोंडं तुंबायला लागली की काटा वर चढतो, आणि लोकांना कमान फिकी वाटण्याआधी तुम्हाला ते कळतं.

पाणी पालिकेचंच घ्या. नवी मुंबईचं मोरबे धरणातून येतं, ठाण्याचं मुख्यतः भातसा आणि उल्हास नदीवरच्या योजनांतून. दोन्ही ठिकाणी क्षार कमी आहेत आणि तोंडं बरेच दिवस टिकतात. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी घेतलं तर दोन-तीन दिवसांत तोंडाशी पांढरा थर बसतो. तुंबलेलं तोंड टाचणीने कोरू नका. छिद्र वाकडं होतं आणि तुषारांऐवजी धार पडते. कोमट पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूसत्व घालून त्यात रात्रभर बुडवा.

खाली पडलेलं पाणी पुन्हा पंपात घ्यायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात. आपल्याकडे टाकीतलं पाणी बाराही महिने याच तापमानात असतं. म्हणून पाणी एकदाच वापरा. रोज रात्री टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा, दुसऱ्या दिवशी ताजं भरा. पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का ते रोज बघा. सोसायटीत पोहण्याचा तलाव असेल तर त्याचं चाचणी किट तिथेच मिळेल. जोडणी पहिल्यांदा पूर्ण झाली की तोंडं काढून ठेवा, दहा लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिली घालून नळ्या भरा, तासभर तसंच ठेवा आणि मग साध्या पाण्याने धुऊन टाका. चार तासांच्या खेळाला ८०० लिटर जातात. लोकांच्या दोन खेपांच्या मधे पंप बंद ठेवला तर बरेच वाचतात. पडलेलं पाणी झाडांना किंवा फ्लशला द्या.

जमा करायला सहा इंची पीव्हीसी पाइप लांबीला उभा कापून त्याची पन्हळ करा, एका टोकाला दोन सेंटिमीटर उतार द्या. पन्हळीच्या दोन्ही बाजूंना मीटरभर ताडपत्री अंथरा, कडा लाकडी पट्टीवरून वर घ्या. उभं राहायच्या पट्ट्यावर जाळीची रबर मॅट हवीच. क्लब हाउसमधली गुळगुळीत फरशी ओली झाली की काचेसारखी होते, आणि तिथे सगळ्यात आधी आजी-आजोबा घसरतात.

दिवा

एकच दिवा. दोन लावले की दोन कमानी एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही विटतात.

आरजीबी पार दिव्यावर (स्टेजच्या रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यावर) पांढरा रंग लावून चालत नाही, आणि साउंड-लाइटवाले नेमका तोच आधी पुढे करतात. त्यात लाल, हिरवा आणि निळा एवढे तीनच रंग मिसळून पांढरा झालेला असतो. डोळ्याला फरक कळत नाही, थेंबांना कळतो: कमानीत तीन पट्टे येतात, मधला नारिंगी आणि पिवळा गायब. हॅलोजनचा प्रकाश सलग असतो, रंग सगळे येतात, पण तो तापतो. त्यामुळे ३६ अंशांच्या भिंगाचा, १५० ते ३०० वॉटचा, पांढऱ्या एलईडीचा प्रोफाइल स्पॉट (रेखीव कडांचं प्रकाशाचं वर्तुळ टाकणारा नाटकाचा दिवा) भाड्याने घ्या. नाट्यगृहांना प्रकाशयोजना पुरवणाऱ्यांकडे तो असतो. ३६ अंशांत पाच मीटरवर सव्वातीन मीटरचं वर्तुळ पडतं, म्हणजे कमान मावते. १९ अंशांचं भिंग दिलं तर कमानीचा फक्त मधला भाग उजळेल.

दिव्याचं तोंड किती मोठं आहे यावर रंगांचा गडदपणा ठरतो. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो. कमानीची स्वतःची जाडी दोन अंश असते. दिवा दीड अंशाचा झाला की शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. प्रोफाइलच्या भिंगाचा व्यास साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे पाच मीटरवरून पावणेदोन अंश. म्हणून भिंगासमोर काळ्या रंगवलेल्या पत्र्याची चकती लावा आणि तिला मधोमध गोल भोक पाडा. पाच सेंटिमीटरचं भोक सूर्याच्या मापाला जवळ जातं, पण प्रकाश नवव्या हिश्शावर येतो. सात-आठ सेंटिमीटरला रंग आणि उजेड दोन्हींचा मेळ बसतो. तीन मापांच्या चकत्या कापून ठेवा आणि प्रत्यक्ष पाहूनच ठरवा.

उजेड कमी म्हणून अंधार पूर्ण हवा. पडद्याच्या मागे ६० सेंटिमीटरवर काळं, चकाकी नसलेलं कापड लावा. काळी ताडपत्री लावली तर ती ओली होऊन दिवा परत फेकते आणि कमानीच्या मागे पांढरे डाग दिसतात. खिडक्या, दाराखालची फट, वायफायच्या राउटरचा हिरवा दिवा, स्विचबोर्डावरचे लाल ठिपके, सगळं झाका. बाहेर पडायची हिरवी पाटी मात्र झाकायची नाही. ती आत येण्याच्या वाटेच्या वळणापलीकडे येईल अशी मांडणी करा.

दिव्याचं वजन सात-आठ किलो भरतं. मांडववाल्याच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्प आणि वेगळी सेफ्टी केबल, दोन्ही लावा.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. पाण्यापासून तीन मीटरच्या आत १२ व्होल्टपेक्षा जास्त काहीही असू नये. पंपाचा वीजपुरवठा भिंतीपलीकडे ठेवा. मुख्य लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण रोज खेळ सुरू करण्याआधी दाबून पाहा. दाबल्यावर पडला नाही तर त्या दिवशी खेळ बंद. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मंडप सोसायटीबाहेर रस्त्यावर असेल तर महावितरणची तात्पुरती जोडणी, पालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी वेळेत मागा.

पाणी सोडल्यावर

पंखे आणि एसी बंद करा. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला पाव मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो, म्हणजे पंख्याची साधी झुळूकही पडदा वाकवायला पुरते. पावसाळ्यात ठाण्याची हवा आधीच दमट, तुषार सुकत नाहीत, अर्ध्या तासात भिंती ओल्या होतात. त्यासाठी एक्झॉस्ट पंखा लावा, पण दोन खेपांच्या मधेच चालवा.

काहीच दिसलं नाही तर आधी जागा तपासा, मग दिव्याचा कोन, मग थेंब. फक्त माथा दिसतो आणि बाजू नाहीत? दिव्याचं वर्तुळ लहान आहे. रंग आहेत पण दुधाळ? थेंब बारीक किंवा मागे उजेड. एक बाजू फिकी असेल तर दाबमापक बघा.

कमान नीट आली की पाहणाऱ्यांना दोन गोष्टी करायला सांगणारा एक स्वयंसेवक आत ठेवा. पहिली: एक डोळा मिटा, मग दुसरा. कमान बाजूला सरकते, कारण इतक्या जवळून प्रत्येक डोळ्याची कमान वेगळी आहे. दुसरी: पोलरॉइड गॉगल लावा. कमानीचा माथा जवळजवळ नाहीसा होतो आणि बाजू राहतात. गॉगल हातात धरून उभा फिरवला की माथा परत येतो आणि बाजू जातात. इंद्रधनुष्याचा प्रकाश कमानीच्या दिशेने ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः त्याच दिशेत होतात, आणि असा गॉगल आडवा प्रकाश अडवतो. दोन गॉगल दोरीने बांधून ठेवा. हा भाग लोकांना कमानीइतकाच आवडतो.

एका वेळी तीनच माणसं, मध्यभागी एक-सव्वा मीटरच्या जागेत. कडेला उभ्या राहिलेल्याची कमान पडद्याबाहेर जाते. दीड मिनिटाची खेप धरली तर तासाला सव्वाशेच्या आत माणसं जातात. रांग वाढली म्हणून सहा-सहा जण सोडू नका, त्यातल्या चौघांना अर्धीच कमान दिसेल.

आत येण्याआधी काळ्या कापडाची तीन-चार मीटरची वळणाची वाट हवी, आणि तिथे दोन-तीन मिनिटं थांबवायला हवं. ट्यूबलाइटमधून थेट आलेल्या डोळ्याला इतक्या मंद प्रकाशातले रंग लगेच ओळखता येत नाहीत.

पिवळी खोली

ही कमानीनंतर ठेवा. आधी ठेवली तर उजेडाने डोळे दिपतात आणि कमान वाया जाते.

तीन बाय चार मीटरची जागा, भिंती आणि छत पांढऱ्या कापडाचे. जुन्या कलाकृतींत यासाठी कमी दाबाचे सोडियमचे दिवे वापरत. त्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या दोन अगदी जवळच्या रेषांत एकवटलेला असतो. ते दिवे आता बाजारात जवळजवळ राहिले नाहीत. रस्त्यावरचे जुने नारिंगी दिवे सोडियमचेच, पण जास्त दाबाचे; त्यांत बाकीचे रंग असतात आणि परिणाम येत नाही. आपल्यासाठी ५९० नॅनोमीटरची अंबर एलईडी पट्टी घ्या. २४ व्होल्टची, मीटरला १४ वॉटच्या आसपासची पाच मीटर पट्टी या खोलीला पुरते. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीवरच चिकटवा, कारण अंबर एलईडी तापला की त्याचा उजेड बराच उतरतो.

दुकानात ‘अंबर’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि डोळ्याला तिन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात: खरा एकरंगी, लाल-हिरवा मिसळून केलेला, आणि पिवळ्या लेपाचा. ओळखायला जुनी सीडी सोबत न्या. पट्टी पेटवून तिचं प्रतिबिंब सीडीवर तिरकं पाहा. खऱ्या अंबरचा एकच अरुंद पिवळा पट्टा दिसतो. लाल आणि हिरवे वेगळे पट्टे दिसले, किंवा हिरव्यापासून लालपर्यंत सलग दिसलं, तर परत करा. या एका तपासणीवर अख्खी खोली उभी आहे.

मधे पांढऱ्या कापडावर तबक मांडा: जास्वंद, झेंडू, दूर्वा, हळद, कुंकू, तांदूळ, आणि गडद लाल व हिरव्या काठाचं एखादं पातळ. या प्रकाशात हळद आणि तांदूळ जवळजवळ सारखे दिसतात, कारण दोन्ही ५९० नॅनोमीटरचा प्रकाश भरपूर परत पाठवतात. कुंकू आणि जास्वंद काळपट होतात. दूर्वा राखाडी. माणसांचे चेहरे जुन्या फोटोतल्यासारखे होतात, ओठ गडद. रंग गेल्यावर उरतो तो फक्त उजळ-गडदाचा फरक, त्यामुळे कापडाची वीण, त्वचेच्या सुरकुत्या, झेंडूच्या पाकळ्यांच्या कडा जास्त ठळक वाटतात.

मग स्वयंसेवकाने तबकावर साधी पांढरी टॉर्च दोन सेकंद पेटवायची. जास्वंद एकदम लाल होते आणि लोकांच्या तोंडून आवाज निघतो. टॉर्च एकाच्याच हातात हवी. एखाद्याने मोबाइल काढला तर त्याच्या स्क्रीनच्या उजेडात शेजारच्या सगळ्यांचा परिणाम जातो, म्हणून मोबाइल आत येण्याआधीच खिशात ठेवायला सांगा.

खोलीत किमान दोन मिनिटं थांबू द्या आणि बाहेर पडायच्या दारासमोर कोरी पांढरी भिंत ठेवा, तिच्यावर साधा पांढरा उजेड. पिवळ्याला सरावलेला डोळा तिला काही क्षण निळसर पाहतो. त्या भिंतीवर बॅनर किंवा देणगीदारांची नावं लावली तर हे कुणाच्या लक्षातच येणार नाही. ती रिकामीच राहू द्या, नावांचा फलक प्रवेशाच्या बाजूला हलवा.

उघडझाप करणाऱ्या स्ट्रोब दिव्यात पाण्याचे थेंब हवेत थांबलेले दाखवण्याची कल्पना कुणीतरी नक्की सुचवेल. दिसतं फार छान, पण सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. सगळ्या वयाचे लोक न विचारता येतात अशा ठिकाणी तो करू नका.

विसर्जनानंतर उतरवताना आधी वीज तोडा, मग पाणी काढा. नळ्या फुंकून कोरड्या करा, तोंडं लिंबूसत्वात धुऊन डब्यात ठेवा, पंपातून लिटरभर साधं पाणी फिरवून तो उलटा धरून निथळवा. काळं कापड ओलं घडी घातलं तर चार दिवसांत बुरशी धरतं; पावसाळ्यात ऊन मिळालं नाही तर जिन्याच्या कठड्यावर पसरून पंख्याखाली वाळवा. चकत्या, ४२ अंशांचा पुठ्ठा आणि हॉलची मापं लिहिलेला कागद एकाच पिशवीत ठेवा.